जवाईबापू, पाणी घ्या

बोरी अरब,
बुधवार, दुपार

प्रिय दीपा,

जय भीम. पत्र पाहून घाबरू नको, हे आधीच सांगते. सगळे धडधाकट आहेत. पोट्टे शाळेत गेले, शेळी व्याली, तिले पिल्लू झालं, पाठ आहे, आन् माह्या गुडघ्याचं जसं होतं तसंच आहे. नयनच्या वहीची मधली पानं काढून लिहून राह्यली. सातवीपर्यंतच्या शिक्षणात बसते तेवढं शुद्ध लिहीन, बाकी मी बोलते तसंच येईन. तुह्या साहेबायले दाखवू नको म्हणजे झालं.

आता एक कबूल करते. रविवारी तुम्हाले ट्रेनिंगच्या कॅम्पातून गावात आणलं, तुले रेंज भेटली, तू फोन केला आन् पोट्टे काहून चुप चुप आहेत म्हणून मले इचारलं. मी म्हटलं, सर्दी झाली. त्याच्या आधीच्या रविवारी म्हटलं, चार्जिंग नाही, ठेवते. दोन्ही खोटं. सर्दी नाही, आन् चार्जिंगही होती. कपिल परत आला आहे, दीपा. तीन आठवडे झाले. लिहून टाकलं बाप्पा एकदाचं! आता बस, पाणी पी, आन् बॅगेले हात लावू नको. तू ट्रेनिंग अर्धवट टाकून पहिल्या गाडीनं निघशील, याच भेवानं मी तोंड दाबून बसली होती. दोन महिने राह्यले तुहे, ते पुरे झालेच पाहिजेत. इथं काही जळून नाही राह्यलं. सवाल एकच आहे, या मानसाले पुन्हा घरात घ्यायचं का नाही. त्याचं उत्तर मी त्याले अजून देलं नाही.

पहिल्यापासून सांगते. रविवार होता. मी वावरात कापूस वेचून राह्यलती, पोट्टे घरी. अकराच्या गाडीनं हा उतरला. सहा वर्षांनी आलेल्या मानसाले कोणी ओळखू नये, पण आपल्या गावाचे डोळे कुठं साधे आहेत! पानठेल्यावरच एकानं हाक मारली, या या जवाईबापू, लय दिवसांनी! तुले माहीत आहे, इथं एका घरचा जवाई तो साऱ्या गावाचा जवाई, त्याचं नाव कोणी घेत नाही. लग्न झाल्यापासून त्याले या गावात कोणी कपिल म्हटलं नाही, त्या दिवशीही नाही म्हटलं. तिथून घरापर्यंत चारपाच जण त्याच्या मागं लागले. जवाईबापू कुठं होते, जवाईबापू लय वाळले, जवाईबापूचे केस पिकले. अंगणापाशी आली रुखमाबाई. शेजारीण आहे का बातमीदार आहे, मले अजून समजलं नाही. तिनं फाटकातूनच आरोळी देली, अरे पोट्टेहो, जवाईबापू आले, बाज टाका! एवढं बोलून ती दोन घरं सांगून आली आन् परत आपल्या भिंतीपाशी उभी राह्यली. पुढचं सगळं तिच्याच तोंडून ऐकलं मी. नयन तं तुले माहीतच आहे, चार शब्दांच्या वर पाचवा बोलत नाही.

आता पोट्ट्यायले काय माहीत? जवाईबापू म्हणजे कोणी मोठा पाहुणा, एवढंच त्यायले समजलं. नयन तीन वर्षांचा होता हा गेला तवा, त्याले तोंड कुठून आठवीन? पण गावात जवाई आला की काय करतात ते त्यानं दहा घरी पाह्यलं आहे. त्यानं बाज टाकली. पेटीतली तुही निळी सतरंजी काढून अंथरली. पाय धुवायले बादली ठेवली, आन् गिलास दोन्ही हातानं पुढं धरून म्हणे, जवाईबापू, पाणी घ्या. स्वतःच्या बापाले! कपिल गिलास हातात धरून पाण्याकडं पाहतच राह्यला. आपल्या पोट्ट्याले वाटलं पाण्यावर शंका आहे. म्हणे, गाळलेलं आहे, प्या.

नयन आत चहा ठेवायले गेला आन् संघदीप बाजेसमोर उकिडवा बसून चौकशी करायले लागला. जवाईबापू, तुम्ही कोणाचे जवाई? तो म्हणे, या घरचा. संघदीप खदखदून हसला. म्हणे, खोटं, या घरी लेक एकच आहे, आन् ते माही आई आहे. मंग इचारलं, नाव काय तुमचं? तो हळूच म्हणे, कपिल मनवर. आता संघदीपले भल्ला आनंद झाला. टाळी वाजवून म्हणे, माह्याही नावात कपिल मनवर आहे, संघदीप कपिल मनवर, इयत्ता पहिली! दीपा, त्या मानसाले आपल्या धाकट्याचं नाव तवा समजलं. तो गेला तवा तुले पाचवा महिना होता, नाव कुठून माहीत असणार? त्यानं तोंडाले दुपट्टा लावला आन् हमसून हमसून रडायले लागला. संघदीप आत तोंड करून ओरडला, दादा, चहा लवकर दे, जवाईबापूचं पोट दुखून राह्यलं!

आत गॅसपाशी उभं राहून नयननं हे सगळं ऐकलं होतं. आन् आता जे लिहिते ते लिहिताना माही छाती फुगून राह्यली, तू हसली तरी चालीन. त्यानं चहा गाळला. बशीसकट कप आणून बाजेवर ठेवला. मंग घरात जाऊन गॅस बंद केला, दाराची कडी लावली, कडीले कुलूप लावलं, चाबी खिशात टाकली, संघदीपचा हात धरला, आन् म्हणे, चहा घ्या, मी आजीले घेऊन येतो. नऊ वर्षांचं लेकरू! आल्या मानसाले उन्हात ठेवलं नाही, उपाशी ठेवलं नाही, पण घर उघडं टाकून गेला नाही आन् लहान भावाले अनोळखी मानसापाशी सोडलं नाही. मोठमोठ्या लोकायले दोन्ही एका वेळी जमत नाही. हे तूच शिकवलं त्याले. मी शिकवलं असतं तं त्यानं एक तं दार सताड उघडलं असतं, नाहीतं दगड मारला असता.

दोघं धापा टाकत वावरात आले. मी वाकून वेचून राह्यलती. नयन म्हणे, आजी, आईचा नवरा आला वाटते. माय वं! मी अशी हसली, अशी हसली, का ओटीतला कापूस खाली सांडला. आन् हसता हसताच तिथंच बांधावर, धुऱ्यावर बसली. त्यानं एवढ्या चार शब्दांत खरं तेच सांगतलं होतं. त्याच्या हिशोबानं तो तुहाच कोणीतरी होता, त्याचा अजून कोणी नव्हता.

सहा वर्षांपासून मी त्या मानसासाठी शिव्या जमवून ठेवल्या होत्या. स्वयंपाक करताना एक आठवायची, धुणं धुताना दुसरी. हैदराबादकडं कंपनीत लागलो म्हणून गेला, पर्मनंट झालो की सगळ्यायले नेतो म्हणे. तीन महिने फोन आला, मंग नंबरच बंद. तुह्या बाबानं दोन वेळा जाऊन शोधलं, तिथं त्या नावाची कंपनी सापडली, मानूस सापडला नाही. संघदीप झाला तवा दवाखान्यात बापाचं नाव इचारलं, तू सांगतलं. बाप कुठं आहे इचारलं, तवा तू म्हटलं, ते लिहायची जागा आहे का कागदावर? ती नर्स पुढच्या रकान्यावर गेली. मी बाहेर उभी होती, रडत होती, आन् ते ऐकून मनात म्हटलं, नाही, ही माही पोरगी मोडत नाही.

मी घरी आली तवा तो बाजेवरच बसून होता, चहा थंड झालता. मले पाहून उठला, पाया पडायले वाकला. मी दोन पावलं मागं झाली. लग्नापासून त्याले 'तुम्ही' म्हणत आली मी, त्या दिवशी तोंडातून 'तू'च निघालं. कुठं मेला होता तू? जमवलेल्या शिव्यांतली तेवढीच एक आठवली, बाकी सगळ्या ऐन वेळी गायब. तो म्हणे, मामी, लाज वाटत होती. कंपनी ठेकेदाराची होती, चौथ्या महिन्यात काढून टाकलं. गावात सांगून बसलो होतो पर्मनंट होतो म्हणून, कोणत्या तोंडानं येऊ? मंग वाटलं, दुसरीकडं काही बनून जाऊ. एक वर्ष गेलं, दोन गेले, मंग जेवढा उशीर झाला तेवढी लाज वाढली. बाई नाही, दारू नाही, असं तो म्हणते. मी म्हटलं, तुले सहा वर्षं लाजायले फुरसत भेटली, माह्या लेकीले सहा दिवसही भेटली नाही. खरं सांगते दीपा, मले तो खोटा नाही वाटला. खोटा वाटला असता तं सोपं झालं असतं.

मंग त्यानं इचारलं, दीपा कुठं आहे? माह्याआधी संघदीप बोलला, आई जंगलात गेली, वाघायले सांभाळते. कपिलले वाटलं पोट्टं काहीबाही बोलून राह्यलं. तवा मी सांगतलं. दिवसभर शिलाई मशीन, संध्याकाळी पुस्तकं, सकाळी दारव्हा रोडवर पळायचं, असे दोन वर्षं तिनं काढले म्हटलं. तुले आठवते न, तू पळायले लागली तवा लोक काय म्हणत? नवरा पळाला, आता बायकोही पळून राह्यली. मी त्यायले म्हणत होती, हो, पण माही लेक पळते आन् अर्ध्या तासात घरी परत येते. ते सगळं मी त्याले सांगतलं, आवाज चढवूनच सांगतलं, म्हणजे भिंतीपलीकडं रुखमाबाईलेही पुन्हा एकदा ऐकू जाईन. वनरक्षक झाली म्हटलं, सरकारी नोकरी. मंग न राहवून इचारलंच, तू झाला का पर्मनंट? माही लेक झाली. असं बोलू नये, मले समजते. पण बोलली, आन् मले बरं वाटलं.

जेवायले वाढलं मी त्याले. जवाईचा स्वयंपाक केला नाही, भाकर, वांग्याची भाजी आन् ठेसा, जे घरात होतं ते. ताट बाहेर अंगणातच देलं. उंबऱ्याच्या आत मी त्याले अजून घेतलं नाही, ते तुहं घर आहे. पोट्ट्यायले मी सरळ सांगतलं, हा तुमचा बाप होय. लपवून काय उपयोग? संघदीप म्हणे, म्हणजे माह्या नावातला? मी म्हटलं, हो, तोच. त्याले ते लय आवडलं. नयननं स्वयंपाकासाठी कुलूप उघडून देलं, पण चाबी दिवसभर आपल्याच खिशात ठेवली.

संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. दारव्ह्याले मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाले लागला आहे, तिथंच खोली केली. दर रविवारी येते. येताना काही मोठं आणत नाही, हे मले बरं वाटते. शेव नाहीतं पेरू आणते. दुसऱ्या रविवारी संघदीपचा पंखा, तो बॅटरीवरचा, खोलून पुन्हा बसवून देला, आन् नयन दुरून पाहून राह्यलता. मंग हळूच जवळ सरकला आन् म्हणे, ती तार उलटी लागली. खरंच उलटी होती! कपिलनं ऐकलं, सुधारली, आन् म्हणे, तुह्या ध्यानात आलं, माह्या नाही आलं. मी गव्हातले खडे निवडत बसली होती, पण डोळे तिकडंच. तो पोट्ट्यायवर जोर करत नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहिते. जे पाह्यलं ते लिहिलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र त्याले लय लागली. पोट्टे अजून त्याले जवाईबापूच म्हणतात. सारं गाव म्हणते, त्यायची जीभ तिथंच बसली. जवाईबापू, इकडं या. जवाईबापू, शेळी पहा. पानठेल्यावर लोक हसतात. परवाच्या रविवारी त्यानं दोघायले जवळ घेतलं आन् म्हणे, मले बाबा म्हणा न रे. संघदीप भिंतीकडं बोट दाखवून म्हणे, बाबा तं फोटोत आहेत. तू बाबा म्हणायची तं पोट्टेही तुह्या बाबाले बाबाच म्हणत, ते वारले तरी ती जागा त्यायच्या हिशोबानं भरलेली आहे. कपिलनं नयनकडं पाह्यलं. नयन म्हणे, मी आईले इचारून सांगतो. रागानं नाही म्हटलं त्यानं, शाळेतून सहलीचा कागद आणला की म्हणते न, तसं म्हटलं.

तवा कपिल माह्याकडं वळला. म्हणे, मामी, तुम्ही सांगा न यायले. मोठ्या तुम्ही आहात, तुम्ही म्हटलं की झालं. रुखमाबाईही भिंतीवरून म्हणे, घ्या वो बाई घरात, पुरुष मानूस आहे, किती दिवस अंगणात बसवता. आन् दीपा, माह्या तोंडात 'हो' आलंच होतं. थकली आहे मी, गुडघे दुखतात, पोट्ट्यायले बाप आवडून राह्यला, सगळं आपोआप जुळून येत होतं. पण नयन माह्याकडं पाहून राह्यलता. म्हणजे आजी काय करते ते पाहून राह्यलता. मी 'हो' गिळलं. म्हटलं, तो म्हणते तसंच, तिले इचारू. नयनले रविवारी म्हटलं, इचार आता फोनवर. तं तो म्हणे, फोनवर नको, रेंजच्या जागी आईच्या मागं बायका लाइनीत उभ्या राहतात, ते लवकर लवकर सांगीन. म्हणून हे पत्र. पण एवढंच कारण नाही.

अकरा वर्षांपूर्वी कपिलकडचे, उमरखेडचे लोक तुले पाहायले आले होते. तू चहा देऊन आत गेली. बाहेर बैठकीत तुह्या बाबानं तुह्या काकाले इचारलं, मामाले इचारलं, वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यायले इचारलं, अगदी रुखमाबाईलेही इचारलं. तुले कोणी इचारलं नाही. मी आत येऊन सांगतलं, ठरलं. तू कपबशा धूत होती, मान खाली घालून धूतच राह्यली, आन् मी बाहेर जाऊन सगळ्यायले सांगतलं की पोरगी खूश आहे. मले काय माहीत होतं तू खूश आहे का नाही? मी तुही आई, मलेच इचारायचं सुचलं नाही, आन् तुह्या पोटच्या नऊ वर्षांच्या पोट्ट्याले सुचलं. मले त्याचा गर्व वाटते आन् माही लाज वाटते, दोन्ही सोबत. म्हणून आज इचारते. दीपा, तुले हा मानूस पाहिजे का नको? हो असलं तं हो लिही. नाही असलं तं नाही लिही. अजून समजत नसलं तं तसं लिही, त्याले थांबायचं असलं तं तो थांबीन, नसलं तं जाईन. पोट्ट्यायसाठी म्हणून हो नको म्हणू, आन् माह्या म्हातारपणासाठी तं मुळीच नको. तू जे लिहिशील ते मी अंगणात उभी राहून जसंच्या तसं सांगीन, मंग सारं गाव एकीकडं झालं तरी चालीन. तवा इचारलं नाही, माय. मले माफ कर, आन् या वेळी तू सांग.

तुहीच,
अकरा वर्षं उशिरा इचारणारी
आई